टाकातली वनमाला

चौसाळ्यात आता तिला सगळे ‘आई’ म्हणतात. मी वनमालाच म्हणते. माझ्या निम्म्या वयाच्या पोरीला आई म्हणायला माझी जीभ वळत नाही आणि वळावी असं मला वाटतही नाही. त्यावरून गावातल्या बऱ्याच बाया माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. झाल्या तर झाल्या. बोलत होत्या तेव्हा तरी कुठं शहाणपण सांडत होतं!

माझं नाव दानम्मा. हायवेच्या कडेला माझा फोटो स्टुडिओ आहे. नवरा गेल्यापासून एकटीच चालवते. ओळखपत्राचे फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे बॅनर, येईल ते काम करते. आम्ही लिंगायत. इकडे आम्हाला वाणी म्हणतात, त्यामुळे दुकान फोटोचं असलं तरी गावाच्या लेखी मी वाणीणच.

वनमालाला माझ्याकडे तिच्या नवऱ्यानंच आणून सोडलं. बद्रीनाथ इथला पुढारी. गावाबाहेर वस्तीवर राहतो, शेती भरपूर. पद अजून कुठलंच मिळालेलं नाही, पण थाट मिळाल्यासारखा. कुणाच्या दहाव्याला गेला, कुणाच्या दुकानाची फीत कापली, की त्याला फोटो लागायचा आणि तो लगेच मोबाइलवर टाकायचा असायचा. बोलावलेली पोरं नेमका त्याचं तोंड उघडं असताना फोटो काढायची, म्हणून तो वैतागला होता. “हिला शिकवा काकू,” तो म्हणाला. “घरी बसून करती काय? घरचं मानूस आसलं म्हंजी आपल्या मनासारखं व्हतं.” बायको त्याच्या मागं पदर दातात धरून उभी होती.

पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात अडकवताना तो तिच्या काळ्या दोऱ्यात गुंतला. दोऱ्यात चांदीचा टाक होता. टाक म्हणजे बोटाच्या पेराएवढा पत्रा आणि त्यावर ठशानं उठवलेली मूर्ती. देवघरात देवांचे असतात. पण बिजवराला दिलेल्या पोरीच्या गळ्यात त्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोचा टाक बांधतात. मग पहिली नवीला छळत नाही, अशी समजूत. मी पट्टा सोडवत म्हटलं, “बघ, माझ्या गळ्यात शिव आणि तुझ्या गळ्यात सवत.” ती खुदकन हसली. तिला हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

पहिलीचं नाव द्वारका. विहिरीत पडून गेली. धुणं धुताना पाय घसरला, असं वस्तीवर सगळे सांगतात. मी तिथं नव्हते, म्हणून मी काही सांगत नाही. द्वारकाला मूल नव्हतं, एवढं मला ठाऊक आहे. वनमालालाही लग्नाला इतकी वर्षं होऊन मूल झालेलं नव्हतं, आणि भर उन्हाळ्यात ती लांब बाह्यांचं झंपर घालून यायची, हे तर मी डोळ्यांनी बघत होते.

कॅमेरा तिच्या हातात मात्र छान बसला. आधी उजेड कुठून येतो ते बघ, मग माणूस बघ, एवढंच मी शिकवलं. बाकी ती आपली आपण शिकली. नवऱ्याचं पोट दिसणार नाही असा कोन तिला बरोबर सापडायचा. कॉम्प्युटरवर फोटोंचा ढीग पडला. बद्रीनाथ हार घालतोय, हात जोडतोय, कुणाच्या खांद्यावर हात ठेवून डोळे पुसतोय. तिचा एकही फोटो नाही, कारण ती कायम कॅमेऱ्याच्या मागं.

पाऊस लागला तसा सासूनं, बायनाबाईनं, तिसरीचा विषय काढला. घराला दिवा पाहिजे, म्हणाली. पाटोद्याकडची एक मुलगी बघूनही ठेवली. ते ऐकून वनमाला स्टुडिओत आली आणि काम न करता नुसती बसून राहिली. गळ्यातला टाक बोटांनी चाचपत होती.

“अक्का, ह्यात द्वारकाबाई कुठं हायत?” ती म्हणाली. “सोनाराकडं ठसा एकच ऱ्हातो. कुनीबी मरू द्या, तेच नाक, तेच गोल डोळे, तेच पोटावर हात. उद्या माझा टाकबी ह्याच ठशातनं निघंल. मंग ती पाटोद्याची दोन टाक घालून हिंडंल.”

“वेड्यासारखं बोलू नको,” मी खेकसले. “आईला फोन कर. येऊन घेऊन जा म्हणावं.”

फोन तिनं केलेला होता. तिचं माहेर शिरूर कासारकडे. आई सावित्रीबाई आणि भाऊ दर साली दसरा झाला की ऊसतोडीला जातात. आई म्हणाली होती, “आमी कोयता घेऊन निघालो म्हंजी घराला कुलूप. तुला ठिवू कुठं? सोसावं माय, समद्यांनीच सोसलंय.” मी पण कोयता घेते, मोळ्या वाहते, पण मला ने, असं वनमाला म्हणाली, तेव्हा आईनं फोन ठेवून दिला. दसऱ्याच्या आत आईनं नेलं तर ठीक. त्यानंतर माहेराला कुलूप आणि इकडे तिसरी. पोरीचा जीव तिथं टांगला होता.

त्याच दिवसांत तिला मोबाइलवर कुठल्याशा बाईचा फोटो दिसला. त्या बाईनं स्वतःला पांढऱ्या चादरीत गुंडाळलं होतं, खुर्च्यांच्या रांगेत खुर्चीसारखी बसली होती, आणि स्वतःचा फोटो स्वतःच काढला होता. वनमालानं तो माझ्यापुढं धरला.

“ही आशी कामून बसली, अक्का?”

“तिला काहीतरी म्हणायचं असेल.”

“मंग तोंडानं कामून म्हनत न्हाई?”

“तोंडानं म्हणून झालं असेल,” मी म्हटलं आणि माझ्या कामाला लागले.

मी सहज बोलून गेले, पण तिनं ते धरून ठेवलं. थोड्या दिवसांनी म्हणाली, “आईशी मी फोनवर बोलले की तिला ती तक्रार वाटती. सासरच्या तक्रारी तिनं लई ऐकल्यात. सोता केल्यात. तिला दिसलं पायजे. लिवता-वाचता येत न्हाई तिला, पर बघता तर येतं.”

बद्रीनाथ बीडला मीटिंगला गेला त्या दुपारी आम्ही स्टुडिओचं शटर अर्धं ओढलं. तिनं थर्माकोलची मोठी कमान कापून आणली होती, टाकाला असते तशीच. तिच्यावर पोळ्या गुंडाळायची चंदेरी फॉइल चिकटवली आणि कडेनं पेनच्या टोपणानं ठिपके उठवले. मूर्तिकाराकडची रुपेरी पावडर खोबरेल तेलात कालवून मी तिच्या तोंडाला, गळ्याला, कानांना आणि उजव्या हाताला लावली. डाव्या हाताकडे वळले तर तिनं तो मागं घेतला.

“ह्यो आसाच ऱ्हाऊ द्या.”

तिनं बाही वर सारली. मनगटावर बोटांचे वळ होते, काळेनिळे, कडेनं हिरवट पडलेले. “समदी चांदीची झाले तर आईला टाकच दिसंल,” ती म्हणाली. “हा हात बघून तिला कळंल, आत बाई हाय. जित्ती हाय.”

बटण मी दाबते म्हटलं, तर तेही नको म्हणाली. तिचं तिनंच करायचं होतं. टायमर लावायची, पळत जाऊन कमानीपुढं पाटावर बसायची, हात पोटावर ठेवायची, डोळे मोठे करायची. कधी डोळा मिटायचा, कधी पदर सरकायचा. परत उठायची. शेवटी एक फोटो आला. चांदीची, ताठ, न हलणारी बाई, गळ्यात पहिलीचा टाक, आणि त्या सगळ्या चकाकीत एक सावळा, मार खाल्लेला हात. मला आधी भीती वाटली आणि मग इतका राग आला की मी पाणी पिण्याच्या निमित्तानं मागं गेले. इतकी वर्षं मी फोटो काढते, पण असा एकही काढलेला नाही.

भावाच्या मोबाइलवर तो पाठवून उपयोग नव्हता. भाऊ दाजींचं नाव सांगून गावात मिरवणारा, त्यानं आधी दाजींनाच दाखवला असता. म्हणून मी मोठ्या कागदावर छापून दिला. सावित्रीबाई नवरात्रात लेकीकडे यायची होती. तेव्हा तिच्या हातात द्यायचा, असं ठरलं. वनमालानं फोटो प्लास्टिकच्या पिशवीत घालून वस्तीवरच्या ज्वारीच्या कोठीत खाली दडवला. कोठीला सासू हात लावत नाही, दळण आपणच काढतो, असा तिचा हिशोब.

पण घट बसायच्या आधी घर धुऊन काढतात, हे ती विसरली. किंवा तिला वाटलं असेल, म्हातारी कोठीपर्यंत जाणार नाही. म्हातारी गेली. बायनाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि ज्वारीतून चांदीची देवी वर आली. कमान, मोठे डोळे, झगमगणारं तोंड. म्हातारीनं अशी किंकाळी फोडली की शेजारच्या वस्तीवरून माणसं धावली. कुणीतरी नीट बघितलं आणि म्हणालं, “आवो, हे तर वनमालावैनीचं तोंड हाय.” झालं. धान्यातून देवी निघाली आणि देवी सुनेच्या रूपानं निघाली. बायनाबाईनं स्वतःच्या सुनेपुढं, जिला सकाळीच तिनं वांझ म्हणून हाक मारली होती तिच्यापुढं, लोटांगण घातलं.

वनमाला ओरडून सांगत होती म्हणे, की ह्यो म्या काढलेला फोटो हाय, दानम्माअक्काच्या दुकानात काढला. बाया म्हणाल्या, देवीनं काढून घेतला. आता याला काय बोलावं! कुणाला त्यात तुळजापूरची दिसली, कुणाला अंबाजोगाईची योगेश्वरी. मनगटावरचा निळा डाग तर सगळ्यांनी नीट पाहिला. ती देवीची खूण ठरली. राक्षसाशी लढताना लागलेलं आहे, असं एकीनं सांगितलं, आणि मला वाटलं, बाई, तू खरं बोललीस आणि तुला पत्ताच नाही.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ फोटो घेऊन माझ्याकडे आला. मला वाटलं आता माझी धडगत नाही. त्यानं तो काचेच्या टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग गळ्यातल्या टाकावर बोट ठेवलं. मग कमानीवर. मग त्या हातावर. त्याचा चेहरा बदलला. सगळ्या मुलखात तो फोटो बरोबर वाचला असेल तर या एकट्या माणसानं. काय म्हटलंय, कुणाबद्दल म्हटलंय, सगळं त्याला कळलं.

“आई म्हनती ती देवी हाय,” तो म्हणाला.

“तुम्ही काय म्हणता?” मी विचारलं.

“आई म्हनती तेच.” त्यानं फोटो माझ्याकडे सरकवला. “मोठा फ्लेक्स करा. हायवेवरून दिसंल आसा. आन् हातावरचा त्यो डाग तेवढा काढा.”

मला एवढंच सुचलं की तो डाग राहिला पाहिजे. सावित्रीबाई अजून यायची होती. मी तोंड साधं ठेवून म्हटलं, “डाग काढला तर बाया विचारतील, खूण कुठं गेली? खूण बघूनच तर पाया पडायल्यात.” त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. मग मान हलवली. डाग राहिला, आणि मला वाटलं, मी काहीतरी जिंकले.

घट बसले त्या दिवसापासून वनमाला वस्तीवरच्या पुढच्या खोलीत पाटावर बसली. बसायला नाही म्हणाली होती. तेव्हा नवरा तिला आत नेऊन एकच वाक्य बोलला, “देवी हायेस तवर बरी हायेस.” तिनंच मला ते सांगितलं, मी ओटी भरायच्या निमित्तानं गेले तेव्हा. रोज सकाळी बायनाबाई स्वतः तिच्या तोंडाला पावडर फासायची. दुसऱ्या-तिसऱ्या माळेपर्यंत गालाची कातडी सोलून निघाली होती आणि त्याच्यावर परत चांदी. डाव्या हाताला मात्र काही लावत नव्हते. तिथं बाया कुंकू लावायच्या आणि ओठ टेकवायच्या. वळ जुने होत चालले तशी खूण फिकी पडली. मग बायनाबाईनं तिच्यावर काजळ लावायला सुरुवात केली.

तिच्या अंगाला आता कुणी हात लावत नव्हतं, हेही खरं. पण पाटोद्याची बोलणी आता उघड सुरू झाली. देवीला संसार कसला, देवीशी नवऱ्यानं कसं वागायचं, घराला दिवा तर पाहिजेच, असं बायनाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि लोकांना ते पटायचं. पोलिसांत जावं असं माझ्या मनात आलं. हवालदाराची बायको पहिल्याच माळेला ओटी भरून गेली होती. तरी मी एका ओळखीच्या माणसापाशी शब्द टाकला. तो म्हणाला, “वाणीणबाई, तुमी तुमचं लिंग पुजा, आमच्या देवीत पडू नका.” हायवेवर बद्रीनाथचा फ्लेक्स लागला. वर देवीचा फोटो, खाली हात जोडलेला तो.

पाचव्या माळेला सावित्रीबाई आली. मी तिला रस्त्यातच गाठायचं ठरवलं होतं. फाट्यावर जीपमधून उतरली तसं मी तिला माझ्या दुकानात ओढलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. देवीबिवी काही नाही, फोटो तुमच्यासाठी काढला, हात बघा, पोरीला आजच्या आज घेऊन जा. तिनं सगळं ऐकून घेतलं. ऊसतोडीनं तिची बोटं वाकलेली, हातातला पेला नीट धरता येत नव्हता.

“मला काय कळत न्हाई का, अक्का?” ती म्हणाली. “हात मला फोनवर तिच्या आवाजातच दिसला व्हता. पर आता देवी म्हनत्यात तिला. आता तिच्यावर कोन हात उगारील? माझ्यासंगं आली तर उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत ऱ्हाईल. ल्योकाला काय सांगू, जावयाच्या घरची देवी पळवून आनली म्हून?”

“ती देवी नाही, तुमची लेक आहे.”

“तेच म्हनायले. लेक आस्ती तर मारली आस्ती.”

मला तिचा राग आला आणि तिच्या त्या बोटांकडे बघून रागावताही येईना. आम्ही दोघी वस्तीवर गेलो. खोलीत बाया खचाखच भरल्या होत्या. धुपानं डोळे झोंबत होते. बद्रीनाथ दारात उभा होता, येणाऱ्याला हात जोडत. सावित्रीबाई पुढं सरकली, पोटच्या पोरीच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं आणि उठताना तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. वनमाला पुढं वाकली. मी अगदी जवळ होते. ती आईच्या कानाशी म्हणाली, “आई, मला घरी ने.”

एवढंच. आवाज तिचाच, लहान पोरीचा असतो तसा. सावित्रीबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग दारातल्या जावयाकडे पाहिलं. तोही पाहत होता. खोली गप्प झाली, देवी काय बोलली ते सगळ्यांना हवं होतं. आणि सावित्रीबाईनं दोन्ही हात वर केले, डोळे मिटले आणि किंचाळली, “आई माझ्या घरी यायचं म्हनती! आईला माझ्या घरी जागा पायजे!”

एकच गलका झाला. कुणी तिच्या कपाळाला भंडारा फासला, कुणी तिच्याच पाया पडलं. ती चुकली की घाबरली, हे मला कुणी विचारू नका. मला ते कळलेलं नाही आणि कळलं तरी मी तिला माफ करीन असं वाटत नाही. बद्रीनाथ पुढं आला. सासूबाईंच्या घरी देवी गेलीच पाहिजे, असं त्यानं सगळ्यांच्या देखत सांगितलं, आणि भिंतीवरचा काच बसवलेला फोटो स्वतःच्या हातानं काढून हिरव्या खणात गुंडाळला. हलगी आली. जीपला हार घातले आणि सावित्रीबाईला फोटोसकट आत बसवलं. मला फोटो काढायला सांगितलं. मी कॅमेरा आणला नाही म्हटलं, तर एका पोरानं मोबाइलवर काढले.

दारातून मी मागं वळून पाहिलं. वनमाला पाटावर तशीच होती. तिला वाटलं असावं, तिला उठवायला कुणीतरी येईल. लुगड्याच्या निऱ्या हातानं नीट करत होती, प्रवासाला निघणाऱ्या बाईसारखी. बाया जीपच्या मागं निघून गेल्या. खोलीत ती आणि मी राहिलो. हलगी लांब गेली आणि तिला कळलं. मला काही सांगावं लागलं नाही.

मी तिच्यापाशी खाली बसले. पदराचं टोक तेलात बुडवून तिच्या गालावरची चांदी पुसायला लागले. खाली लालभडक कातडं होतं, हात लागला की ती शहारायची. ती रडत नव्हती. मलाच रडू येत होतं.

“गाडी गेली का, अक्का?”

“गेली.”

“आईनं मला कुठं बशिवलं? म्होरं का मागं?”

“पुढं,” मी म्हटलं. “मांडीवर घेतलंय.”

“मंग बरं,” ती म्हणाली. “मागं बसलं की मला लई मळमळतं.”